वेल्डहोवनला नव्याने येताय? पहिल्या आठवड्यापासून पहिल्या कार्निव्हलपर्यंत

ऑफर लेटरवर कामाचा पत्ता असतो: दे रुन, वेल्डहोवन. पुण्यात बसून तो वाचताना बहुतेकांना वाटतं की हे एखाद्या आयटी पार्कचं नाव असणार. वेल्डहोवन हे नेदरलँड्सच्या दक्षिणेकडचं गाव, आणि रुन हा तिथला एक ओढा आहे. गावाच्या दक्षिणेकडून झाडीतून वाहत तो पुढे डॉमेल नदीला मिळतो, आणि चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या एएसएमएल कंपनीच्या उंच इमारती ज्या औद्योगिक भागात उभ्या आहेत त्याला या ओढ्याचंच नाव पडलंय. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी त्या ओढ्यावरच्या पुलावरून रोज सायकलने जात होते.

इथे राहून मला आता बारा वर्षं होतील. या काळात बऱ्याच मराठी कुटुंबांना आल्या आल्या मदत करण्याचा योग आला. कागदपत्रं सगळेच कसेबसे मार्गी लावतात. गाव मात्र समजून घ्यायचं राहून जातं, आणि त्यामुळे घर कुठे घ्यायचं, मुलांची तिकिटं कधीची काढायची, शेजाऱ्याशी पहिलं बोलणं कसं करायचं अशा साध्या गोष्टी अडतात. म्हणून या लेखात कागद आणि गाव दोन्ही एकत्र सांगते, ज्या क्रमाने ते तुमच्यापुढे येतील त्या क्रमाने.

निघण्यापूर्वी: दाखले आणि नावाचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नेदरलँड्सच्या नगरपालिकेत नोंदणी करताना प्रत्येकाचा जन्मदाखला आणि पती-पत्नीचा विवाह नोंदणी दाखला लागतो. दोन्हींवर अपॉस्टिल हवं, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. ते परराष्ट्र मंत्रालयाचं असतं, पण त्याआधी राज्य शासनाकडून साक्षांकन होतं. ही दोन टप्प्यांची धावपळ आहे आणि ती इथून करता येत नाही. कुणाला तरी गावी पळवावं लागतं. तेव्हा तिकीट काढायच्या आधी ते उरका.

दाखल्याची भाषा पाहा. डच कार्यालयात डच, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच दाखले चालतात. महापालिकेचे नवे दाखले मराठी-इंग्रजी असतात, त्यांची काळजी नाही. ग्रामपंचायतीचा जुना, हाताने लिहिलेला दाखला निव्वळ मराठीत असेल तर नवी द्विभाषिक प्रत काढून घ्या, नाहीतर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावं लागतं.

आता नाव. माझ्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता. लिंग, तारीख, आईवडिलांची नावं, सगळं होतं, फक्त माझं नाव नव्हतं, कारण बारसं व्हायच्या आधीच दाखला काढला होता. आपल्याकडे असे दाखले ढिगाने सापडतात आणि आपलं त्यावाचून काही अडतही नाही. इथे खिडकीवरच्या बाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, हा तुमचाच आहे हे कशावरून? पुढचे तीन महिने भावाने नगरपालिकेच्या चकरा मारल्या. आजच तुमचा दाखला काढून बघा. नाव नसेल तर घालून घ्या.

लग्नात नाव बदललेल्या बायकांनी आणखी एक जपायचं आहे. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव-आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर मधला दुवा सांगणारा कागद हवा: नाव बदलल्याचं राजपत्र किंवा दोन्ही नावं असलेला विवाह दाखला. डच व्यवस्थेत बाईचं जन्माचं आडनाव हेच मूळ आडनाव मानतात, नवऱ्याचं आडनाव हवं तर वापरायला मिळतं. त्यामुळे सरकारी पत्रावर अचानक माहेरचं आडनाव दिसलं तर ती चूक आहे असं समजू नका. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, त्यांच्या लेखी तुमचंच दुसरं नाव ठरतं आणि पत्रांवर नुसती दोन आद्याक्षरं आणि आडनाव येतं.

घर शोधताना: आधी चार गावं ओळखा

आजचं वेल्डहोवन १९२१ साली तयार झालं. वेल्डहोवन, मेअरवेल्डहोवन, झेल्स्ट आणि ऊर्ले ही गावं तेव्हा एका नगरपालिकेखाली आली. आज लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या वर आहे, पण गावकऱ्यांच्या बोलण्यात ही चार गावं अजून वेगळी आहेत. प्रत्येकाचं चर्च वेगळं, जत्रा वेगळी. ‘तू कुठला?’ या प्रश्नाला झेल्स्टचा म्हातारा ‘झेल्स्टचा’ असंच उत्तर देईल. मधोमध जे ‘सिटी सेंट्रुम’ नावाचं दुकानांचं केंद्र दिसतं ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे, गावांच्या मधल्या जागेत वसवलेलं. जुन्या बाजारपेठेसारखं ते वाटत नाही ते यामुळे.

वस्त्यांची नावं नीट वाचली तर जमिनीचा इतिहास कळतो. हा सगळा केंपन प्रदेश, वाळूची हलकी जमीन. पूर्वी इथे माळरान होतं आणि मेंढ्या होत्या. शेतकरी माळावरची ढेकळं कापून आणायचे, गोठ्यात जनावरांखाली अंथरायचे आणि ते शेणमिश्रित खत पिढ्यानपिढ्या त्याच शेतांत घालायचे. त्यामुळे ती शेतं हळूहळू उंच झाली. ‘आकर’ म्हणजे असं शेत. झिल्वरआकर्स या वस्तीच्या नावात ते आहे. ‘ब्रुक’ म्हणजे पाणथळ, सखल जागा, जसं पेखब्रुकन. ‘हेइकांत’ म्हणजे माळाची कड. शेती कमीच पिकायची, म्हणून घरोघरी माग चालायचे, नंतर सिगारचे कारखाने आले. १८९१ मध्ये शेजारच्या आइंडहोवनला फिलिप्स सुरू झाल्यावर इथली माणसं तिकडे दिव्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. एएसएमएलही त्याच घरातलं मूल. १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल या दोन कंपन्यांनी मिळून ते सुरू केलं, फिलिप्सच्या आवारातल्या साध्या शेडमधून. पुढच्या वर्षी ते वेल्डहोवनला आलं. आज तिथे बनणाऱ्या यंत्रांत कथिलाचे थेंब सेकंदाला पन्नास हजारांच्या वेगाने सोडून त्यांवर लेझर मारतात आणि १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवतात. अत्याधुनिक चिपसाठी लागणारी ही यंत्रं जगात दुसरी कुठलीही कंपनी बनवत नाही. ज्या जमिनीत धड राय पिकत नव्हती तिथे हे चाललंय, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता घर. झेल्स्ट आणि ऊर्ले आइंडहोवन विमानतळाला लागून आहेत. घर बघायला गेलात तर दिवसा जा, अर्धा तास थांबा आणि खिडकी उघडून आवाज ऐका. रात्री विमानं उडत नाहीत, पण तान्हं बाळ असेल तर दुपारच्या झोपेचं पाहा. ऊर्लेच्या बाजूला झिल्वरआकर्समध्ये नवी घरं होताहेत. मेअरवेल्डहोवन आणि वेल्डहोवन-डॉर्पमधून दे रुनला सायकलने आरामात जाता येतं. वेल्डहोवनला रेल्वे स्टेशन नाही, हे नकाशा न बघता घर घेणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. आइंडहोवन स्टेशनपासून बस आहे. बसमध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं.

भाड्याच्या जाहिरातीत तीन शब्द येतात. ‘खमउबिलेअर्त’ म्हणजे फर्निचरसह. ‘खस्टॉफेअर्त’ म्हणजे जमिनीवर आच्छादन आणि पडदे आहेत. ‘काल’ म्हणजे शब्दशः उघडं, आणि ते खरोखर उघडं असतं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने ‘काल’ घर घेतलं. किल्ली लावून आत गेले तर पायाखाली राखाडी काँक्रीट आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी, दिवा एकही नाही. दोन बॅगा आणि झोपलेलं मूल घेऊन ते त्या काँक्रीटवर उभे होते. त्या रात्री आमच्याकडेच राहिले. जमिनीवरच्या आच्छादनाचा खर्च तुमच्या माथी येणार असेल तर तो भाड्याच्या हिशेबात आधी धरा आणि जुन्या भाडेकरूचं आच्छादन विकत घेता येतं का ते विचारा.

घर न बघता पैसे पाठवू नका. त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का, हे लेखी विचारा. ‘नाही’ म्हणाले तर ते घर तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही स्वस्त असो. जुलै २०२३ नंतरच्या करारांत अनामत मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. मालकाचं काम करणाऱ्या एजंटाने तुमच्याकडून कमिशन घेणंही कायद्यात बसत नाही. हे माहीत असल्याचं नुसतं दाखवलं तरी समोरचा नीट बोलू लागतो.

पहिले पाच दिवस

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते. नगरपालिकेला ‘खमेंते’ म्हणतात, हा शब्द पाठ करून टाका. वेळ आधी घ्यावी लागते, म्हणून भारतातूनच घ्या. कंपनीमार्फत येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम आइंडहोवनच्या हॉलंड एक्सपॅट सेंटर साउथमध्ये एकाच फेरीत होतं: राहण्याचा परवाना, बोटांचे ठसे आणि नोंदणी. कुटुंबातल्या प्रत्येकाने, तान्ह्या बाळानेसुद्धा, प्रत्यक्ष हजर राहायचं. मूळ दाखले हातात ठेवा.

नोंदणी झाली की बीएसएन हा नऊ आकडी क्रमांक मिळतो. पगार, बँक, विमा, डॉक्टर, शाळा, सगळं त्यावर चालतं. मग लगेच ‘डिजिडी’साठी ऑनलाइन अर्ज करा. सरकारी संकेतस्थळांवर प्रवेशाची ती किल्ली आहे. तिचा कोड साध्या टपालाने घरी येतो, आणि इथे मी अनेकांना अडकलेलं पाहिलंय. आपल्याला टपालपेटी उघडायची सवय राहिलेली नाही. इथे ती रोज उघडायची. पेटीवर आडनाव लावा. निळं पाकीट आलं तर ते करखात्याचं असतं, ते त्याच दिवशी उघडा. पत्र डच भाषेत असतं, फोनने भाषांतर करून वाचा, पण उद्यावर टाकू नका. प्रत्येक पत्रात एक तारीख असते आणि ती ते पाळतात.

पुढे घर बदललंत तर तेही पाच दिवसांच्या आत कळवायचं.

पहिले चार महिने

आरोग्य विमा घ्यायला चार महिन्यांची मुदत असते, पण हप्ता पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो. म्हणून उशीर करून पैसे वाचत नाहीत. साधारण दीडशे युरोंच्या आसपास महिना धरा, मोठ्या माणसाला प्रत्येकी. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, पण त्यांचं नाव विम्यात घालावं लागतं. वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपल्या खिशातून जातो. त्याला ‘आयखन रिसिको’ म्हणतात आणि २०१६ पासून ती रक्कम ३८५ युरो आहे. फॅमिली डॉक्टरकडे जाण्याचा खर्च यात धरत नाहीत, तेव्हा जायला घाबरू नका. मोठ्यांचे दात मूळ विम्यात येत नाहीत. काही मोठं काम असेल तर येण्यापूर्वी करून घ्या.

फॅमिली डॉक्टर म्हणजे ‘हाउसआर्ट्स’. बरं असतानाच नाव नोंदवा, घराजवळ बघा. तज्ज्ञ डॉक्टरकडे थेट जाता येत नाही, यांची चिठ्ठी लागते. ‘पॅरासिटॅमॉल घ्या आणि दोन दिवसांनी फोन करा’ हे उत्तर ऐकून आपली माणसं दुखावतात. माझंही मन दुखावलं होतं. नंतर समजलं की युरोपात सगळ्यात कमी अँटिबायोटिक वापरणाऱ्या देशांपैकी हा एक देश आहे आणि ते जाणूनबुजून तसं करतात. याचा उपाय म्हणजे नीट तयारी. ताप किती, किती दिवस, मूल पाणी पितंय का, लघवी शेवटची कधी झाली, हे कागदावर लिहून फोन करा. आणि फोन ठेवण्यापूर्वी विचारा: कुठलं लक्षण दिसलं तर मी पुन्हा फोन करू? या एका प्रश्नाने बोलण्याचा नूर बदलतो. रात्री किंवा शनिवार-रविवारी ‘हाउसआर्ट्सन-पोस्ट’ असतं, तिथेही आधी फोन, मग जाणं. जिवावर बेतलं असेल तर ११२.

याच चार महिन्यांत कंपनीसोबत मिळून परदेशातून बोलावलेल्या तज्ज्ञ कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या तीस टक्के करसवलतीचा अर्ज करा. चार महिन्यांत केला तर सवलत पहिल्या दिवसापासून लागू होते, उशीर झाला तर मधले महिने गेले. आणि ही सवलत मिळालेल्यांना भारतीय वाहन परवाना परीक्षा न देता बदलून मिळतो, सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही. सवलत नसेल तर भारतीय परवान्यावर १८५ दिवसच गाडी चालवता येते, मग डच परीक्षा.

स्वयंपाकघर, कचरा आणि गणपती

जुलै २०२२ पासून घराच्या प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा गजर सक्तीचा आहे. मोहरी-हिंगाची फोडणी आणि तव्यावरची भाकरी त्याला लगेच कळते. धूर खेचणारा पंखा फोडणीच्या पाच मिनिटं आधी लावा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या. गजर काढून ठेवू नका.

ओला कचरा, प्लास्टिक-डबे-दुधाचे खोके, कागद, आणि उरलेला कचरा असे वेगळे प्रकार असतात. नगरपालिकेचं कचऱ्याचं वेळापत्रक फोनवर उतरवून घ्या. काच रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत, रंगाप्रमाणे. तळणीचं तेल बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत भरून गोळा करण्याच्या पेटीत टाका. पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि पेयांचे डबे सुपरमार्केटच्या यंत्रात परत दिले की प्रत्येकी १५ सेंट मिळतात, मोठ्या बाटलीचे २५. मुलांना हे काम फार आवडतं.

निर्माल्य ओल्या कचऱ्यात जातं. मूर्ती शाडूची आणा आणि बादलीत विसर्जन करा. रुन किंवा खेंडर ओढ्यात काहीही सोडू नका. हे ओढे आणि त्यांचे काठ इथे मनापासून जपतात.

सायकल

जुनी, साधी, भक्कम सायकल घ्या आणि कुलपावर चांगले पैसे खर्च करा. पुढे पांढरा, मागे लाल दिवा नसेल तर अंधारात दंड होतो. २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरायलाही बंदी आहे आणि दंड दीडशे युरोंच्या वर आहे. वळताना हात दाखवायचा. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, त्यांना ‘शार्कचे दात’ म्हणतात. टोक तुमच्याकडे असेल तर तुम्ही थांबायचं. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वस्तीतल्या गल्ल्यांत हाच नियम चालतो आणि आपल्याकडून तोच विसरला जातो.

मुलं, शाळा, बाळंतपण

पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, पण बहुतेक मुलं चौथ्या वाढदिवसापासूनच जातात. डच शाळा की आइंडहोवनची आंतरराष्ट्रीय शाळा, हा निर्णय किती वर्षं राहणार यावर घ्या. तीन वर्षांहून जास्त राहायचा विचार असेल तर डच शाळा, असं माझं मत आहे. नव्याने आलेल्या मुलांना आधी भाषा शिकवणारे वर्ग असतात, आणि मुलं वर्षभरात आपल्यापुढे निघून जातात. गल्लीत खेळायला मिळालं की मूल इथलं होतं.

सुट्ट्यांसाठी देशाचे तीन भाग केलेत, वेल्डहोवन दक्षिण भागात येतं. तिकीट काढताना ‘झाउद’ म्हणजे दक्षिणेचं वेळापत्रक बघा, ॲमस्टरडॅमच्या मित्राचं नको. शाळा चालू असताना मुलाला घेऊन भारतात गेलात तर दंड होऊ शकतो. धार्मिक सणासाठी मात्र एक दिवस सुट्टी मिळते, किमान दोन दिवस आधी शाळेला कळवायचं. दिवाळीचा तो दिवस आमच्या मुलीने दर वर्षी घेतला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चकल्या नेल्या.

बाळंतपण इथे होणार असेल तर गाव सोडून जावं लागत नाही. माक्सिमा मेडिकल सेंटरचं मोठं रुग्णालय वेल्डहोवनमध्येच आहे आणि आजूबाजूच्या कितीतरी गावांतली बाळं इथेच जन्मतात. जन्माची नोंद तीन दिवसांत, बाळ जिथे जन्मलं त्या नगरपालिकेत करायची, तुम्ही राहायला आइंडहोवनला असलात तरी वेल्डहोवनलाच. रुग्णालयातून पुष्कळदा काही तासांतच घरी पाठवतात, ते ऐकून आपल्या आया हबकतात. पण मग ‘क्रामझोर्ख’ येते. ही प्रशिक्षित बाई आठवडाभर रोज घरी येऊन आई-बाळाची काळजी घेते. तिची नोंदणी गरोदरपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच करा.

आमच्या घरी आली होती ती ऊर्लेची होती. पहिल्या सकाळी तिने टोस्टसारख्या गोल कडक बिस्किटांना लोणी लावलं आणि वरून गुलाबी-पांढरे दाणे पेरले. इथे बाळ झालं की येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच देतात. माझ्या आईने एक दाणा दातांखाली फोडला आणि म्हणाली, ‘अगं, ही तर साखरेची बडीशेपच!’ अगदी बडीशेप नव्हे, तिच्या जवळची अनीसची बी, आणि ती द्यायचं कारणही तेच, आईला दूध यावं म्हणून. आईने तिला डबा उघडून बाळंतशेप दाखवली, डिंकाचा लाडू हातावर ठेवला. एकीला डच येत होतं, दुसरीला मराठी. त्या आठवड्यात त्यांचं काही अडलं नाही. आईवडिलांना बोलवताना एवढं ध्यानात ठेवा की पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सातव्या महिन्यात बोलावलंत तर बाळ झाल्यावर त्यांच्या हातात थोडेच दिवस उरतात.

माणसं

पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची बेल वाजवा, नाव सांगा, ‘आम्ही नवीन आलोय’ एवढं म्हणा. खायला काही नेलंत तर आनंदच, पण तिखट बेताचं ठेवा. न कळवता जाण्याची ही एकच वेळ. नंतर प्रत्येक भेटीसाठी ‘आफस्प्राक’ लागते, म्हणजे दिवस आणि वेळ ठरवणं. त्यात दुरावा नाही. ठरलेल्या वेळी ते पूर्ण मन लावून भेटतात.

इथली माणसं स्वतःला ब्राबांतची, म्हणजे या प्रांताची, म्हणवतात आणि उत्तरेकडच्यांपेक्षा आपण मोकळे, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचा ‘ख’ मऊ असतो, निरोप घेताना ते ‘हौडू’ म्हणतात. डच वर्गात हा शब्द शिकवत नाहीत, पण बेकरीतून निघताना तुम्ही ‘हौडू’ म्हणालात की समोरच्या बाईचा चेहरा उजळतो. त्याच बेकरीत ‘वोर्स्टनब्रोट्ये’ मिळतो. दिसायला तो साधा लांबट पाव, आत मांस असतं. शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

इंग्रजीवर काम भागतं, हे खरं. तरी पहिल्याच हिवाळ्यात डच सुरू करा. पाच वर्षांनी कायम राहण्याचा परवाना मागताना भाषेची परीक्षा द्यावीच लागते. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कंपनी वाढली तशी इथली घरं महागली, रस्ते तुंबू लागले. २०२४ मध्ये सरकारने या भागातली घरं, वाहतूक आणि शिक्षण यांसाठी अडीच अब्ज युरोंची योजना जाहीर केली ती या ताणामुळेच. गावातल्या कितीतरी घरांत मुलाला स्वतःच्या गावात घर घेता येत नाही. तो राग कधी एखाद्या वाक्यात डोकावतो. आपल्या मुंबई-पुण्यात काय वेगळं झालं? ऐकून घ्या. मोडक्यातोडक्या डचमध्ये ‘हो, खरंय, आम्हालाही घर मिळत नव्हतं’ असं म्हणता आलं तर बोलणं पुढे सरकतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल येतो. हा भाग पूर्वापार कॅथलिक, आणि उपवासाचा काळ सुरू होण्यापूर्वी रविवार ते मंगळवार इथे सगळं काही थांबतं. वेल्डहोवनचं नाव त्या दिवसांपुरतं ‘रॉमलखात’ होतं, आइंडहोवनचं ‘लाम्पखात’, म्हणजे दिव्यांचं गाव. त्या आठवड्यात सरकारी काम काढू नका, प्लंबर मिळेल अशी आशा ठेवू नका. शाळांना सुट्टी असते. निळा शेतकरी सदरा, गळ्यात लाल रुमाल, एवढा वेश पुरतो. मिरवणूक बघायला मुलांना नक्की न्या आणि ‘आलाफ’ म्हणून ओरडा. आम्ही पहिल्या वर्षी खिडकीतून बघितलं. दुसऱ्या वर्षी समोरच्या घरातल्या आजोबांनी येऊन त्यांचा जुना रुमाल माझ्या मुलीच्या गळ्यात बांधला.

उन्हाळा आला की एका रविवारी सायकली काढा. आधी ऊर्लेच्या चर्चपर्यंत, तिथून झांडऊर्ले. हे अगदी छोटं गाव, मधोमध त्रिकोणी हिरवळ, जुनी मोठी झाडं आणि भोवती गवती छपरांची शेतघरं. आपल्या गावच्या पारासारखीच ती जागा वाटते. जनावरं एकत्र करायची आणि माणसं जमायची जागा. तिथून पुढे टोटरफाउटच्या बाजूला झाडीत कांस्ययुगातल्या थडग्यांचे गोल उंचवटे आहेत, तीन हजार वर्षांहून जुने. विसाव्या शतकाच्या मध्यात त्यांचं उत्खनन झालं आणि काहींभोवती लाकडी खांबांची वर्तुळं पुन्हा उभी केली आहेत. परतताना मेअरवेल्डहोवनच्या चर्चमध्ये डोकवा. ओकच्या झाडात सापडल्याची आख्यायिका असलेल्या मेरीच्या मूर्तीला तिथे मेणबत्त्या लावतात, मे महिन्यात जास्तच. वाट वाळूची आहे, पातळ टायरची सायकल रुतते. पाण्याची बाटली घरूनच भरून घ्या, टोटरफाउटला दुकान नाही.